खड्डा हलवता येत नाही : लबकच्या रँच संग्रहालयाचा प्रकरण अभ्यास

मॅटाडोर रँचवरचं १८८८ सालचं एक घर आज टेक्सासमधल्या लबक शहरात आहे. रँच म्हणजे गुरं पाळण्याचा अफाट कुरणांचा मुलूख. घर अर्धं जमिनीखाली, अर्धं वर. उतारात खड्डा खणायचा, जमिनीच्या वर ओंडक्यांचे काही थर चढवायचे, आढं आणि वासे टाकून त्यावर काटक्या, गवत, माती पसरायची, की झालं घर. तिकडे त्याला हाफ-डगआउट म्हणतात. लाकूडही दुर्मीळ आणि दगडही दुर्मीळ अशा माळावर थोडक्या सामानात थंडी-वाऱ्यापासून जीव वाचवणारा निवारा तो हाच. डिकन्स काउंटीतून हे घर संग्रहालयात आणताना वरचं लाकूड हलवता आलं. खड्डा मात्र कुणालाच हलवता येत नाही. घराचा अर्धा भाग म्हणजे मुळात मातीत कोरलेली पोकळी. ती जिथली तिथेच राहिली आणि लबकला नवी खणावी लागली.

हे एक घर नीट समजलं की नॅशनल रँचिंग हेरिटेज सेंटर या सबंध संग्रहालयाचं दुखणं समजतं. घर आणता येतं, जागा आणता येत नाही. तिथली मांडणी, मातीचे उंचवटे, झाडझाडोरा, डागडुजी, हे सगळं त्या न आलेल्या जागेची भरपाई करण्यासाठी चाललेलं आहे. ती कुठे साधते, कुठे साधणारच नाही आणि देखभाल करणाऱ्याला त्यापायी काय सोसावं लागतं, ते इथे पाहायचं आहे.

घरं का हलवली

१९६० च्या दशकात पश्चिम टेक्सासमधली जुनी रँच-घरं झपाट्याने पडत होती. मोठ्या रँचचे तुकडे झाले होते, माणसं गावात राहायला गेली होती. रिकाम्या घराचं छप्पर एकदा गेलं की पुढचं काम पाऊस, वाळवी आणि अंग घासणारी गुरं करतात. टेक्सास टेक विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रोव्हर मरे यांनी रँचच्या इतिहासाचं उघड्यावरचं संग्रहालय उभारायचं मनावर घेतलं. इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ विल्यम करी होल्डन त्या कामाचे कणा झाले. १९६९ मध्ये रँचमालक आणि अभ्यासकांची रँच हेडक्वार्टर्स असोसिएशन उभी राहिली. मे १९७० मध्ये लबकला भीषण टोर्नेडो (जमिनीवरचं भोवऱ्याचं वादळ) झालं, २६ माणसं गेली. तरी काम थांबलं नाही. जुलै १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, संग्रहालयाचं लोकार्पण झालं. आज सुमारे २७ एकरांत पन्नासच्या आसपास वास्तू आहेत, १७८० च्या दशकापासून १९५० च्या दशकापर्यंतच्या.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. मोंटानात डिअर लॉजजवळची ग्रँट-कोर्स रँच १९७२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. तिथे घर, गोठे, कुरणं आणि गुरं, सगळं जागच्या जागी आहे. जतनाच्या दृष्टीने हे केव्हाही उजवं. पण त्यासाठी एकच रँच निवडावी लागते आणि तीवर कायमची माणसं ठेवावी लागतात. लबकच्या मंडळींना एका रँचची गोष्ट सांगायची नव्हती. स्पॅनिश काळातल्या तटबंद घरापासून रेल्वे डेपोपर्यंतची सगळी वाट दाखवायची होती, आणि ती घरं शेकडो मैलांवर विखुरलेली होती. १८९१ मध्ये आर्थर हाझेलियसने स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय उभारलं, तेव्हाही घरं गोळा करण्याचाच मार्ग धरला होता. लबकने तोच घेतला, आणि त्याबरोबर त्यातली उणीवही घेतली.

उंचवट्यांचा हिशेब

लबक यानो एस्टाकाडो या पठारावर आहे. जमीन पाटासारखी. दोनशे मीटरवरची इमारत सहज दिसते, आणि संग्रहालयाच्या भोवती विद्यापीठ आणि शहर पसरलेलं. १८३८ च्या एल कापोटे केबिनसमोर उभं राहिल्यावर मागे मोटारींचा रस्ता दिसला तर केबिन खेळण्यातली वाटू लागते. शिवाय १८५० च्या दशकातलं हेडविग्ज हिलचं घर आणि १९०९ चं बार्टन घर एकाच नजरेत आले तर दोघांचाही काळ पुसला जातो. म्हणून घराघरांमध्ये आणि शहराच्या बाजूने मातीचे उंचवटे घातले. या संग्रहालयाच्या मांडणीत सगळ्यात शहाणपणाचं काम हेच आहे.

उंचवटा किती उंच हवा, हे तो पाहणाऱ्याच्या किती जवळ आहे त्यावर ठरतं. डोळ्याची उंची १.६ मीटर धरा. १० मीटरवर ३ मीटर उंचीचा उंचवटा असेल तर नजर दर १० मीटरला १.४ मीटर वर चढते. म्हणजे १०० मीटरवरची १५ मीटर उंचीची इमारत झाकली जाते. तोच उंचवटा पाहणाऱ्यापासून ५० मीटरवर नेला तर १०० मीटरवरचं जेमतेम साडेचार मीटरपर्यंतचं झाकेल. त्यामुळे उंचवटे पायवाटेच्या कडेला हवेत, कुंपणाजवळ नव्हेत.

माती किती लागते, याचा अंदाज पहिल्यांदा हमखास चुकतो. गवत कापण्याचं यंत्र सुरक्षित चालायचं तर उतार १:३ पेक्षा तीव्र नको. ३ मीटर उंचीला दोन्ही बाजूंनी १:३ उतार दिला की तळाची रुंदी १८ मीटर होते. १०० मीटर लांबीला २,७०० घनमीटर भरीव माती झाली, म्हणजे १० घनमीटरच्या ट्रकच्या २७० खेपा. प्रत्यक्षात आणखी लागतात, कारण सुटी माती दाबली की बसते. एकदम टाकलेली माती पहिल्या दोन-तीन पावसांत खचते, माथ्यावर खोलगटी पडतात आणि पाणी नेमकं घराच्या बाजूला फुटतं. वीस-पंचवीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर, हे टाळता येत नाही.

आणि इथेच नवी अडचण जन्मते. मूळ जागी घर बहुतेक वेळा चढावर असे, पाणी घरापासून लांब जाई. संग्रहालयात ते उंचवट्यांच्या मध्ये, म्हणजे ताटलीच्या तळाशी येतं. उंचवट्यावरचं पाणी अडवायला पायथ्याशी उथळ चर लागतो. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन निदान ६ इंच उतरती हवी. दरवर्षी वसंतातल्या धुळीच्या वादळांनी त्या चरात वाळू साठते, आणि ती काढली नाही तर पुढच्या वळवाच्या पावसात पाणी जोत्याला लागतं. घरापाशी ओल दिसली की बरेच जण छप्पर तपासायला शिडी लावतात. आधी चर पाहावा.

दगड, ओंडका, कूड

घर उतरवण्याचं काम उलट क्रमाने चालतं: छप्पर, वासे, भिंत, जोतं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो, मोजमापांसह आराखडा आणि त्यावर दगडा-दगडाला क्रमांक. अनुभवी माणसं क्रमांक दोनदा घालतात. भिंत उभी असताना दर्शनी बाजूवर खडूने, आणि दगड उचलल्यावर त्याच्या वरच्या, सांध्यात दडणाऱ्या अंगावर रंगाने. नुसता खडू प्रवासात पुसतो. रंग दर्शनी बाजूला लावला तर तो पुढची पन्नास वर्षं भिंतीवर दिसत राहतो. भिंतीच्या पोटातली भर क्रमांकाची नसते, ढिगानेच येते. पण कोपऱ्याचे दगड, उंबरा आणि दारावरचा आडवा दगड वेगळे बांधायचे.

मापांत एक फसवी गोष्ट आहे. जुनी घरं काटकोनात नसतात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजून ठेवले नाहीत आणि नव्या जागी गवंड्याने गुण्यात भिंत धरली, तर शेवटी तुळई दोन बोटं आखूड पडते. मग कुणीतरी ती जोडतो आणि तो जोड कायमचा खोटा राहतो.

पालो पिंटो काउंटीतलं १८७० च्या दशकातलं जोवेल घर दगडी आहे. हल्ल्याच्या भीतीने किल्ल्यासारखं बांधलेलं. एक्सआयटी रँचचं लास एस्कारबादास, १८८६ चं, तेही दगडी. अशा घरांत दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना सिमेंट वापरणं ही सगळ्यात महाग चूक. चुनखडीचा दगड मऊ असतो. भिंतीतली ओल एरवी चुन्याच्या सांध्यातून निघून जाते. सांधा सिमेंटचा झाला की ती दगडातूनच बाहेर पडते, क्षार दगडाच्या तोंडाशी साठतात, आणि हिवाळ्यात रात्री गोठून दिवसा वितळण्याचं चक्र सुरू झालं की पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटचा सांधा तसाच राहतो आणि दगड आत जातो. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धारदार वाळू, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. लबकच्या कोरड्या वाऱ्यात चुना बसण्याआधीच सुकतो आणि बोटाने उकरला की पिठासारखा निघतो. म्हणून ओल्या गोणपाटाने आठवडाभर तरी झाकायचा आणि ५ अंश सेल्सियसच्या खाली कामच करायचं नाही. थर असलेला दगड त्याच्या मूळ पडत्या अंगावरच बसवायचा. उभा लावला तर पत्त्यांसारखा सुटतो.

ओंडक्यांच्या घरात पहिल्यांदा जातो तो सगळ्यात खालचा ओंडका. मूळ जागी तो सुट्या दगडांवर टेकलेला असे, खालून हवा खेळे. नव्या जागी काँक्रीटच्या पट्टीवर थेट ठेवला की काँक्रीट खालून ओल ओढतं. मध्ये दगडाच्या चकत्या आणि मोकळी फट हवीच. दर वसंतात टोचा घेऊन फिरायचं. टोचा एक सेंटिमीटरपेक्षा आत शिरला की तिथे कूज आहे असं धरायचं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी धरत नाही. बोरेटचं द्रावण कीड आणि बुरशी दोन्हींवर चालतं, पण पावसात धुऊन जातं. छपराखालच्या भागालाच त्याचा उपयोग. ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या चिपा आणि चुना घातलेल्या चिखलाने भरतात. हे भरण वरच्या ओंडक्याखाली किंचित आत आणि बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. ते पुढे आलं तर पाण्याला बसायला फळी मिळते.

क्रॉकेट काउंटीतलं १९०४ च्या सुमाराचं एक घर मराठी माणसाला चटकन ओळखीचं वाटेल. उभे रोवलेले सीडरचे खांब आणि सोटोल या वाळवंटी वनस्पतीचे फुलोऱ्याचे लांब दांडे. आपल्याकडच्या कारवीच्या कुडाचाच हा भाऊ. त्याची बाधाही तीच: दांडे जमिनीला टेकतात तिथून कुजतात. असं घर 'मूळ' ठेवणं शक्यच नसतं, कारण ते बांधणाराही खराब झालेले दांडे बदलत असे. इथे जपायची ती बांधण्याची रीत. नवे दांडे त्याच जातीचे हवेत आणि कोणत्या साली कुठले बदलले याची वही हवी. वही नसेल तर तीस वर्षांनी जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही.

पुन्हा खड्ड्याकडे

हाफ-डगआउटला उतार लागतो. सपाट लबकमध्ये उतार आधी रचायचा आणि मग त्यात घर बसवायचं. मूळ खड्डा शतकानुशतकं बसलेल्या घट्ट मातीत असतो, म्हणून त्याच्या भिंती आधाराशिवाय उभ्या राहतात. भरावाच्या मातीत त्या राहत नाहीत. आत लपवलेली आधारभिंत, तिच्या मागे खडी, तळाशी भोकांचा पाइप आणि त्याला निदान १:१०० उतार, एवढं केल्याशिवाय पाहुण्यांना आत सोडता येत नाही. पायऱ्या खाली उतरतात, म्हणजे पाणीही उतरतं. पायऱ्यांच्या तळाशी जाळीचा निचरा नसेल तर एका वळवाच्या सरीत आत घोटाभर पाणी होतं.

छपराचा हिशेब करून पाहा. १५ सेंटिमीटर जाडीची माती पूर्ण भिजली की दर चौरस मीटरला सुमारे २७० किलो भरते. चार बाय पाच मीटरचं छप्पर म्हणजे साडेपाच टनांच्या जवळपास, आणि खाली हाताने तासलेले वासे. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी दाबून पाणी अडवतात. माळावरच्या या घरांत तशी माती हाताशी नसे. पाऊस थांबल्यावरही आत ठिबक चालू राही. माती आणि किडे अंगावर पडू नयेत म्हणून वाशांखाली कापड ताणत.

आता संग्रहालयाने काय करायचं? ठिबक खरी आहे, पण ती राहू दिली तर वासे दहा-पंधरा वर्षांत जातील. म्हणून मातीच्या पोटात पाणी अडवणारा पडदा घालतात, वर गवत आणि माती. मला हा निर्णय पटतो, एका अटीवर: घर दाखवणाऱ्याने ठिबकेबद्दल बोललं पाहिजे. कोरडं, नीटनेटकं, गार घर पाहून 'किती छान राहत होते' असं म्हणत माणूस बाहेर पडला, तर १८८८ मध्ये त्यात राहिलेल्यांवर अन्याय होतो.

फिरणारी गोष्ट

रँचवर पवनचक्की नसती तर यानो एस्टाकाडोचा बराच भाग गुरांविना ओसाडच राहिला असता. पाणी खाली होतं, वर नव्हतं. १८६७ मध्ये निघालेली एक्लिप्स ही लाकडी चाकाची चक्की या भागात फार चालली. चक्की स्थिर ठेवली की लवकर खराब होते, आणि फिरती ठेवली की रोज काम मागते. जुन्या उघड्या यंत्राला आठवड्याला तेल लागे, म्हणून मोठ्या रँचवर निव्वळ चक्क्यांसाठी माणूस असे. १९१५ मध्ये एअरमोटरने तेलात बुडालेल्या दातऱ्यांची चक्की आणली तेव्हा ते काम वर्षावर आलं. पंपाच्या नळकांड्यातल्या चामड्याच्या वाट्या वाळूने झिजतात. चक्की फिरते पण पाणी येत नाही, तेव्हा दोष चाकात नसतो, तिथे असतो. आपल्याकडे हातपंपाचा वायसर जातो तोच हा प्रकार. वादळाची सूचना आली की चाकाची कड वाऱ्याकडे वळवून ते बांधायचं. लबकमध्ये हे विसरून चालत नाही.

जे घरांत मावत नाही

लास एस्कारबादास म्हणजे उकरलेले खड्डे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात झिरे उकरून पाणी काढत, त्यावरून नाव पडलं. घर लबकला आलं; ओढा डेफ स्मिथ काउंटीत राहिला. नावाचं कारणच मागे राहिलं. ज्या एक्सआयटी रँचचं हे एक ठाणं होतं, तिला ऑस्टिनचं राजधानीभवन बांधण्याच्या मोबदल्यात ३० लाख एकर जमीन मिळाली होती. संग्रहालयात एका वास्तूच्या वाट्याला सरासरी अर्धा एकर येतो. पश्चिम टेक्सासच्या कोरड्या कुरणात एका गाईला वीस-पंचवीस एकर लागतात. रँचच्या जगण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंतर, आणि ते कुठल्याही उंचवट्याने निर्माण करता येत नाही.

गुरांचीही तीच गत. लाँगहॉर्न या टेक्सासच्या लांब शिंगांच्या गुरांचे कांशाचे पूर्णाकृती पुतळे तिथे उभे आहेत आणि ते देखणे आहेत. पण लाँगहॉर्न का मागे पडले हे घरांतून कळत नाही. त्यांच्या अंगावरच्या गोचिडीने उत्तरेकडची गुरं मरत, ती स्वतः तगून राहत. मग उत्तरेच्या राज्यांनी त्यांच्या वाटा बंद केल्या. १८७४ च्या ग्लिडनच्या पेटंटनंतर काटेरी तारेने उघडं कुरणही बंद झालं. गोचिडी आणि उष्मा सोसणारं जनावर हवं म्हणून टेक्सासच्या रँचवाल्यांनी भारतीय वशिंडाच्या गुरांकडे पाहिलं. अमेरिकन ब्राह्मण ही जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाखोरी यांच्या रक्तातून घडली. तिच्या पैदासकारांची संघटना १९२४ मध्ये झाली. कृष्णाखोरी म्हणजे सांगली-कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकातल्या काळ्या जमिनीत नांगर ओढणारा बैल. किंग रँचने ब्राह्मण आणि शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून सांता गर्त्रुदिस घडवली, तिच्यात तीन अष्टमांश रक्त ब्राह्मणचं. टेक्सासच्या कुरणात आपल्या कृष्णाकाठचा अंश चरतो आहे, हे इकडच्या वाचकाला ठाऊक असावं.

तिसरी उणीव मला सगळ्यात जास्त खुपते. घरांचं संग्रहालय घरवाल्यांची गोष्ट सांगतं. गुरं हाकणारे, त्यांतले मेक्सिकन वाकेरो आणि कृष्णवर्णी काउबॉय, महिनोन्‌महिने उघड्यावर झोपत. रँच, कोराल, लासो हे सगळे शब्द स्पॅनिश बोलणाऱ्यांचे, पण त्यांच्या नावावर वास्तू थोड्या. या माळावरच्या मूळनिवासी कोमांचे लोकांची तर एकही नाही, कारण त्यांची घरं त्यांच्याबरोबर चालत. सप्टेंबर १८७४ मध्ये पालो ड्युरो दरीत लष्कराने त्यांचे हजाराहून जास्त घोडे मारले, आणि दोन वर्षांत त्याच दरीत जेए रँचची गुरं उतरली. त्या रँचचं दूध-मांस ठेवायचं दगडी घर संग्रहालयात आहे. त्याच्या दारातच ही दोन वर्षं सांगायला जागा आहे. ती वापरावी.

एक घर न आणण्याचा निर्णय

सापाटा काउंटीतलं लॉस कोरालितोस, १७८० च्या दशकातलं: जाड भिंती, एक दार, खिडक्या नाहीत, बंदुकीसाठी भोकं. ते मूळ जागी चांगलं उभं होतं. लबकमध्ये आहे ती त्याची प्रतिकृती. जुन्या सामानाच्या दृष्टीने या प्रतिकृतीचं मोल कमी म्हणावं लागेल, पण मूळ घर रिओ ग्रांदेच्या काठच्या मुलखात, त्याच मातीवर, त्याच उन्हात राहिलं. प्रतिकृतीचे फायदे देखभाल करणाऱ्याला लगेच कळतात: पाया हवा तसा घालता येतो, निचरा आधीच करता येतो, शाळकरी मुलांना भिंतीला हात लावू देता येतो. फक्त दारावरची पाटी मोठ्या अक्षरांत हवी, आणि तिच्यावर मूळ घर कुठे आहे ते गावाच्या नावानिशी हवं.